हात दिसायला हवेत

माझ्या खानावळीत शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची जी माणसं येतात, ती आधी विचारतात, "वायफाय आहे का?" आणि मग विचारतात, "आज मासळी कोणती?" पूर्वी मला याचा राग यायचा. समोर समुद्र पसरलाय, ताटात हलव्याची ताजी तुकडी आहे, आणि ह्यांचं लक्ष हातातल्या फोनकडे! आता राग येत नाही. इंटरनेटपायी मी स्वतःच गावात असा काही तमाशा केला आहे की दुसऱ्याला नावं ठेवायला मला तोंड राहिलेलं नाही.

आम्ही थळच्या. पाठीमागे खताचा कारखाना, पुढे कोळीवाडा, त्याच्यापुढे समुद्र. दोघी बहिणी एकाच कोळीवाड्यात दिल्या गेलो. माझं घर आणि खानावळ रस्त्याच्या कडेला, ताईचं घर अगदी किनाऱ्यालगत. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच मधलं अंतर, पण ताईला हाक मारून उपयोग नाही.

ताईला ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला, तो उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. अशा मुलांची वेगळी शाळा असते हे आमच्या आईबापाच्या गावीही नव्हतं. त्यामुळे ताईने आपली भाषा आपणच तयार केली. हातांची, भुवयांची, खांद्यांची. भरती, ओहोटी, बाजार, भांडण, लग्न, सगळ्याला तिच्याकडे खूण आहे. मी तिच्या पाठची, त्यामुळे मला ती भाषा शिकावी लागली नाही. कळायला लागल्यापासून ती येतच होती.

माणसांना नावंही ताई आपल्या मनानेच ठेवते. माझं नाव म्हणजे चार बोटं ओठांशी नेऊन भराभर उघडझाप करायची. म्हणजे हिचं तोंड सदा चालू. यावरून मी तिच्याशी लहानपणी पुष्कळ भांडले, पण नाव काही बदललं नाही. आणि खरं सांगायचं तर नाव चुकलेलंही नाही.

तिच्या एकुलत्या एका मुलीचं, माझ्या भाचीचं, नाव म्हणजे एका हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने दुसऱ्या हाताचं मनगट वेढायचं. त्याची गोष्ट अशी. भाची तान्ही असताना माझा मेहुणा बोटीवर असायचा आणि ताई घरात एकटी. बाळ रडलं तर हिला कळणार कसं? तिने जाळं विणायचा दोरा घेतला, एक टोक बाळाच्या पायाला सैलसर बांधलं आणि दुसरं आपल्या मनगटाला. बाळाने पाय झाडले की ही जागी. कधी कधी उलटंही व्हायचं. बाळ फारच शांत निजलेलं दिसलं की ताई घाबरायची आणि दोरा हलकेच ओढून बघायची. पाय हलला की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा. भाची चालायला लागेपर्यंत तो दोरा होता. मेहुणा गेल्यानंतर त्या घरात दोघीच उरल्या आणि भाची आईचे हात बघत बघत मोठी झाली. ताईची भाषा पूर्ण येणारी माणसं जगात दोनच, एक मी आणि एक ती.

ती लग्न होऊन नवऱ्याबरोबर बहारीनला गेली, आणि तिथून ही सगळी कथा सुरू होते.

गुढीपाडव्याच्या सुमाराला तिला दिवस राहिल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ताईने लग्नातच ठरवून ठेवलेलं. बाळाची दुपटी शिवायला तिने माझ्या जुन्या मऊ साड्या पळवल्या. पण पुढे डॉक्टरांनी सांगितलं की वार खाली आहे, प्रवास अजिबात करायचा नाही आणि बाळ ऑपरेशननेच काढावं लागेल. तिथे जावयाला एकाच माणसाला बोलावणं जमणार होतं. ताईला एकटीला विमानात कोण बसवणार आणि उतरवून कोण घेणार, म्हणून भाचीच्या सासूबाई गेल्या. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या आई नव्हेत.

भाचीने मला फोनवर स्वच्छ सांगितलं, "मावशी, ऑपरेशनला आत जायच्या आधी मना आयशी बोलायचं हाय. तेवढं तू कर. बाकी मी सगळं निभावीन."

आईशी बोलायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात बहिरं माणूस नाही त्यांना सांगावं लागतं. तुम्ही-आम्ही खरखर ऐकूनही फोनवर बोलतो. "हॅलो, हॅलो, तुटतंय," म्हणत अर्धं ऐकतो आणि अर्धं जुळवून घेतो. ताईचं तसं नाही. हात मधेच थांबला तर शब्दच तुटला. आणि हातावर भागत नाही, चेहराही लागतो, कारण तीच खूण भुवया वर करून केली की प्रश्न आणि भुवया आवळून केली की दटावणी. तिच्यासाठी फोन म्हणजे चित्र, आणि चित्र चाललं पाहिजे.

आमच्याकडे होतं फक्त मोबाइलचं इंटरनेट. ताईच्या ओट्यावर एका कंपनीची रेंज यायची, दुसरीची यायची माझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं की. आठवड्याच्या मधल्या दिवसांत बरं चालायचं. शनिवारी पर्यटकांच्या गाड्या आल्या की संपलं. सगळे किनाऱ्यावर उभे राहून आपले फोटो पाठवत, आणि इकडे भाचीचा चेहरा पडद्यावर थिजून जाई. ताईला पहिल्यांदा वाटलं, पोरगी रागावली. कोणी रागावलं की असंच करतं ना, चेहरा दगडासारखा करून बघत राहतं. ती दिवसभर जेवली नाही. मी परोपरीने समजावलं की बाई गं, हा राग नाही, ही रेंज आहे. पण रेंज नावाची वस्तू हातांनी दाखवायची कशी? शेवटी मी नळ दाखवला. धार, मग थेंब, मग काहीच नाही. तेव्हा कुठे तिने मान हलवली.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी कुठल्याही विकणाऱ्याने मला सांगितली नव्हती. मोबाइलवर ताईला मुलगी बरी दिसायची, पण मुलीला ताई दिसायची नाही. भाची म्हणायची, "मावशी, आयचे हात नुसते धुरकट दिसतान, बोटा कळत न्हाईत." येणाऱ्या डेटाचा वेग वेगळा आणि जाणाऱ्याचा वेगळा, आणि जाहिरातीत मिरवतात तो सगळा येणाऱ्याचा. सिनेमा बघणाऱ्याला तेवढा पुरतो. पण ताईच्या बाबतीत येणारं म्हणजे ऐकणं आणि जाणारं म्हणजे बोलणं. तिला ऐकायचं तर होतंच, पण आधी बोलायचं होतं. आयुष्यभर लोकांनी तिला नुसतं ऐकून घ्यायला लावलंय, आता यंत्रानेही तेच करावं याचा मला फार संताप आला.

मग मी कनेक्शन शोधायला निघाले. मी कंबर कसली की घरातली माणसं बाजूला होतात. खानावळीसाठी एक घ्यायचंच होतं, त्यामुळे विकणारे लोक दारात येत होतेच. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरगुती पाहिजे की व्यवसायासाठी?" मी म्हणायचे, "आमच्याकडे दोन्ही एकाच चुलीवर शिजतं." मग ते सांगायचे की व्यवसायाचं घेतलं तर बिघाड झाल्यावर माणूस आधी तुमच्याकडे येतो आणि जाणारा वेगही येणाऱ्याइतकाच मिळतो. घरगुतीवाल्याला काय, तो वाट बघू शकतो. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, आमचं बाळंतपण घरगुतीच आहे, पण ते वाट बघणार नाही.

टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट देणारा एक आला. दुपारी झकास. संध्याकाळी आख्खा वाडा मालिका बघायला बसला की मुंगीच्या पावलाने. बहारीनमधून भाचीचा फोन यायचा तो नेमका संध्याकाळीच. त्याला निरोप दिला.

दुसरा आला तो छपरावर ताटाएवढी पांढरी डिश लावणारा. म्हणे वायर नको, खांब नको, टॉवर समोर दिसला की झालं. ताईच्या छपरावरून टॉवर दिसत होता, पण माडांच्या मधून. वारा नसला की चित्र इतकं सुरेख की भाचीच्या चमकीतले खडे मोजावेत. वारा सुटला की झावळ्या मधे यायच्या आणि चित्र जायचं. समुद्रकाठी वारा नसण्याचे दिवस किती ते त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "मावशी, माड तोडून टाका ना." माड शेजारचा, त्याला वर्षभर नारळ लागतात, आणि हा सांगतोय तोडून टाका! त्याची डिश मी त्याच्याच हातात दिली.

खानावळीतल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, काकू, थोडं थांबा, आता थेट उपग्रहावरून इंटरनेट येतंय, मग कटकट नाही. मी त्याला सोलकढी वाढली आणि म्हटलं, येऊ दे हो, पण माझ्या भाचीचे दिवस थांबणार नाहीत.

हे सगळं पारखायची आमची एक पद्धत होती. विकणारा माणूस आपल्या फोनवर काटा फिरवून दाखवायचा, बघा किती वेग. मी म्हणायचे, तुझा काटा ठेव खिशात. ताई आपल्या घरात फोनसमोर बसायची आणि मी खानावळीत दुसरा फोन घेऊन. ती मासळीबाजारातली सगळी मासळी भराभर हातांनी सांगायची, पापलेट, सुरमई, मांदेली, कोलंबी, करली, आणि मी इकडे प्रत्येक खूण तशीच परत करून दाखवायचे. एकही चुकली तर कनेक्शन नापास. ताईला या खेळाची इतकी गंमत वाटायला लागली की ती मला फसवायला मधेच नसलेले मासे घालायची.

फायबर पास झालं. त्याची परीक्षा माझ्याच घरात झाली, ताई आत फोनसमोर आणि मी मोबाइल घेऊन खानावळीत. गोड्या पाण्यासारखं स्वच्छ चित्र. जाणारा वेग येणाऱ्याइतकाच. तो दिवस पावसाळ्यातला होता, मासेमारी बंद होती, आणि फायबरवाला माणूस छत्री सावरत आला होता. पन्नाशीचा, गोड बोलणारा. रस्त्यापासून माझ्या घरापर्यंत खांब होते. ताईच्या घरापर्यंत नव्हते. मी म्हटलं, खानावळीचं नको, व्यवसायाची ती लाइन ताईच्या घरात ओढ, मी माझं मोबाइलवर भागवीन. त्याने किनाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "टेन्शन नको घेऊ मावशी. तिकडे बांबू उभेच हायेत. त्यांच्यावरून नेतो, एकदम ओके काम." मी गिऱ्हाइकांकडे वळले. मला बोलावणं आलं ते ताईच्या घरात इंटरनेटचा डबा लागून त्याचा हिरवा दिवा पेटल्यावर.

गणपती झाले, नवरात्र झालं. दोघी मायलेकी रोज बोलत होत्या. भाची आपलं पोट दाखवायची, ताई त्यावरून मुलगा की मुलगी ते सांगायची आणि दर आठवड्याला बदलायची. मी म्हटलं, चला, आपलं काम झालं.

दिवाळीच्या आसपास मात्र डब्याला काहीतरी व्हायला लागलं. अधूनमधून लाल दिवा लुकलुकायचा आणि सगळं बंद. मी फायबरवाल्याला फोन करायचे. तो एक-दोन दिवसांनी यायचा, तोवर हिरवा दिवा पुन्हा पेटलेला. तो म्हणायचा, "खारी हवा हाय मावशी, त्यामुळं होतं." तो डबा बदलून गेला, मग डब्याची पिन बदलून गेला. तो गेला की चार दिवस बरं, की परत लाल. मी त्याच्यावर इतकं तोंडसुख घेतलं की तो माझा फोन उचलेनासा झाला. मला वाटायचं हा खोटारडा. खोटारडा नव्हता बिचारा, पण ते नंतर कळलं.

ऑपरेशनचा दिवस ठरला. सकाळी आत नेणार होते. आदल्या दिवशी आमच्याकडे बोंबलाची अशी मासळी लागली की वाड्यातली एकही बाई घरात नव्हती. ताईही दिवसभर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. हाताला काम असलं की काळजी कमी वाटते, म्हणून मी तिला अडवलं नाही.

सकाळी मी खानावळ बंद ठेवून ताईकडे गेले. ताई नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून फोनसमोर बसलेली. आणि डब्यावर लाल दिवा.

मी डबा बंद करून चालू केला. लाल. पिन काढून लावली. लाल. माझ्या मोबाइलवरून जावयाला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, थोड्या वेळात नेतील. ती सारखी फोन बघतेय." मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. ताईला मुलगी दिसली. पलंगावर, हिरव्या झग्यात, डोळे रडून सुजलेले. ताईचे हात सुरू झाले, आणि भाची मान हलवत राहिली, नाही, नाही, दिसत नाही. तिला इकडचं चित्र थिजलेलं दिसत होतं. पोर रडतेय, आई समोर बसून बोलतेय, आणि एक शब्द पोचत नाही.

फायबरवाल्याने फोन उचलला नाही. मग मी बाहेर आले आणि छपराला आलेली वायर डोळ्यांनी धरून तिच्यामागून चालत निघाले. छपरावरून ती खाली उतरून किनाऱ्याकडे वळली होती, बांबूंच्या रांगेकडे. तिथे ताईची वलांडी. वलांडी म्हणजे आमच्याकडे बोंबील वाळवायला उभे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात ती. पावसाळ्यात आम्ही दोऱ्या सोडून घरात ठेवतो, नुसते बांबू उभे राहतात. फायबरवाल्याने बघितले होते ते हे बांबू. वायर पहिल्या बांबूवर गेली आणि पुढे दिसेना. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात, तसे ओले बोंबील खांद्याला खांदा लावून शेवटच्या बांबूपर्यंत टांगलेले. वायर त्या बोंबलांत शिरत होती.

मी दोन बोंबील उचलले. खाली काळी, गुळगुळीत वायर, ओझ्याने वाकून बांबूच्या खाचेत चेपलेली. वायरला काच असते आत, जास्त वाकली की उजेड पुढे जात नाही, एवढं मला त्या माणसानेच सांगितलं होतं. ओले बोंबील जड, म्हणून लाल दिवा. वाळून हलके झाले की हिरवा. तो बिचारा यायचा तेव्हा बोंबील वाळलेले असायचे.

ताई माझ्यामागे आली होती. तिने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मग ती हातांनी भराभर सांगायला लागली. पावसाळ्यात तो माणूस ही दोरी बांधत होता तेव्हा मी त्याला विचारलं होतं. दोरीकडे बोट दाखवलं, दोन बोटं एकमेकांत अडकवून खाली लोंबवली, आणि विचारलं, यावर टांगू ना? तो हसला आणि मान हलवली. दोनदा विचारलं. दोनदा हलवली. मला वाटलं चांगला माणूस आहे, न कुजणारी दोरी देऊन गेला.

ही मान मी आयुष्यभर बघत आले आहे. दुकानदार हलवतात, डॉक्टर हलवतात, नातेवाईक हलवतात. ताई काहीतरी विचारते, समोरच्याला ओ की ठो कळलेलं नसतं, पण विचारायला वेळ नसतो, म्हणून हो हो करतात आणि हसतात. त्यांना वाटतं आपण दयाळूपणा केला. ताई मात्र त्यांच्या होकारावर विश्वास ठेवून घरी येते. त्या क्षणी ते सगळे होकार माझ्या डोक्यात गेले. पण रागवायला वेळ नव्हता.

"गो बायांनो, या! ह्या वायरीवरचे बोंबील काडा!" मी ओरडले. शेजारच्या वलांडीवरच्या बाया धावत आल्या. एक म्हणाली, "अगो, वाळायचे हायेत ते, वाळूत कुठं टाकतंस?" मी म्हटलं, "टाक वाळूत! माझी पोर तिकडं रडतेय!" मग कोणी काही विचारलं नाही. कोळणीचे हात बोंबील टांगायला जेवढे चलाख तेवढेच काढायलाही. वायर मोकळी झाली, तरी मधे जिथे खाचेत चेपली होती तिथे ती आपली सरळ होईना, खालीच लोंबायला लागली. मी एक बांबूची काठी घेतली, तिच्या टोकाने वायर वर उचलून धरली आणि ताईला मानेने घराकडे खुणावलं. माझे हात गुंतलेले होते. तिला कळलं. नवी साडी वर खोचून ती पळाली.

शेजारीण दारात उभी होती. तिने आत डोकावून ओरडून सांगितलं, "हिरवा झाला गो!" आणि थोड्या वेळाने, हलक्या आवाजात, "बोलतान दोघी."

मी तशीच उभी राहिले. डोक्यावर हात, हातात काठी, काठीवर वायर, पायाशी वाळूत बरबटलेले बोंबील आणि त्यांच्यावर तुटून पडलेले कावळे. हात भरून आले. एका बाईने काठी धरायला मागितली, मी दिली नाही. त्या वायरीतून माझ्या बहिणीचं बोलणं जात होतं, आणि मला ते दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

त्या दोघी काय बोलल्या ते मला आजवर माहीत नाही. एरवी ताई मला सगळं सांगते, हे नाही सांगितलं. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि तिने एवढंच सांगितलं की आत नेलं, हसत गेली.

दुपारी जावयाचा फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी ताईला सांगितलं तेव्हा ती वाळूतले बोंबील समुद्राच्या पाण्यात धूत होती. तिने हातातले बोंबील टाकले आणि मला मिठी मारली, त्या वासासकट. संध्याकाळी फायबरवाला आला. मी त्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने कान पकडले, स्वतः चार नवीन बांबू रोवले आणि वायर उंचावर नेली. ताईने तिच्यावर जाळ्याच्या लाल चिंध्या बांधल्या, कोणी पुन्हा काही टांगू नये म्हणून. जाताना त्याने ताईला हातांनी काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. ताईने बघितलं, तिला काही कळलं नाही, आणि तिने तोंडभर हसून मान हलवली. मी हसून हसून खाली बसले. त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव ताईच्या भाषेत मान हलवणे असं आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीने फोन लावला. दिवा हिरवा, चित्र स्वच्छ. ती उशीला टेकून बसली होती, शेजारी पाळण्यात बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, एक पाय बाहेर आलेला. सासूबाई बाजूला कुरकुरत होत्या, "काय खूळ काढलंन, बघा तरी." आधी कळेना कसलं खूळ. मग भाचीने आपला हात वर केला. मनगटाला पांढरा दोरा. दोऱ्याचं दुसरं टोक बाळाच्या पायाला, सैलसर.

ताईने विचारलं, तुला तर ऐकू येतं, तुला कशाला?

भाचीने हातांनी सांगितलं, औषधाने गुंगी येते आई, डोळा लागला तर? पण ती मला बनवू शकत नाही. त्या खोलीत दिवसरात्र नर्सा होत्या.

ताई पाळण्याकडे बघत होती. बाळ अगदी शांत निजलेलं होतं. मग ताईने आपल्या मनगटावरचा नसलेला दोरा दोन बोटांत धरला आणि हलकेच ओढला.

आणि तिकडे, मधे एक क्षणही न जाता, बाळाचा पाय हलला.

भाचीने मनगट मागे घेतलं होतं, ते मला दिसलं. ताईला दिसलं की नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही.